कादंबरीवर चित्रपट काढायचा म्हणतात? सही करण्याआधी थोडं थांबा

कादंबरी छापून येते, दोन-चार बरी परीक्षणं होतात आणि एखाद्या संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन येतो. "सर, तुमची कादंबरी वाचली. यात सिनेमा आहे!" पलीकडचा माणूस कधी खरोखरच दिग्दर्शक असतो, कधी दिग्दर्शकाचा सहायक, तर कधी नुसताच हौशी. लेखकाच्या मनात मात्र तेवढ्यात पोस्टर छापून तयार होतं. त्या भरात तो दोन वाक्यं बोलून जातो आणि दोन्ही पुढे महागात पडतात. एक, "पैशांचं बघू हो नंतर." आणि दुसरं, "पटकथा मात्र मीच लिहिणार."

पैशांकडे पुढे येऊ. आधी दुसऱ्या वाक्याचं बघू, कारण गडबड तिथूनच सुरू होते. कादंबरीचे हक्क देणं आणि पटकथा लिहिणं हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पहिल्यात तुम्ही मालक असता, दुसऱ्यात तुम्ही कामावर घेतलेले कारागीर असता. मालकाला 'नाही' म्हणता येतं. कारागिराला सातवा ड्राफ्टही हसतमुखाने लिहावा लागतो. या दोनपैकी आपल्याला काय हवंय, की दोन्ही हवंय, हे फोन येण्याआधीच ठरवून ठेवलेलं बरं.

आपल्याकडे दोन्ही प्रकारचे लेखक होऊन गेले. अरुण साधूंनी आपल्या कादंबऱ्या दुसऱ्याच्या हाती सोपवल्या. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा उभी केली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' केला. दोन जाडजूड पुस्तकांतला केवढा तरी ऐवज त्यात गळाला. पण दिगू टिपणीस या पत्रकाराचा धागा तेंडुलकरांनी असा काही ओवला की मंत्र्यांच्या बंगल्यापासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळीकडे प्रेक्षक त्याच्याबरोबर हिंडतो. दिगू झालेले निळू फुले त्यात फारसे बोलतसुद्धा नाहीत. बघतात. कादंबरीत लेखक जे निवेदनातून सांगतो, त्यातलं बरंच काम इथे एका माणसाच्या बघण्यावर टाकलेलं आहे. पुढे साधू स्वतः 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या लेखनात सहभागी झाले. म्हणजे त्यांना पटकथेचं वावडं होतं असं नाही. आपली कादंबरी मात्र त्यांनी दुसऱ्याला लिहू दिली.

तेंडुलकरांचीच आणखी दोन उदाहरणं आहेत. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर १९८२ मध्ये 'उंबरठा' आला, आणि श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवर १९८३ मध्ये गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य'. दोन्हींत मूळ नावसुद्धा राहिलेलं नाही. हे वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांनी हक्क देण्याचा विचार जरा सावकाशीने करावा. नाव बदलणं हा तर सगळ्यात साधा बदल.

दुसऱ्या बाजूला ना. ह. आपटे. 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरीही त्यांची आणि तिच्यावरच्या 'कुंकू'ची पटकथाही त्यांचीच. १९३७ साली प्रभातने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट मराठीत आणि 'दुनिया न माने' या नावाने हिंदीत काढला. जरठ-कुमारी विवाहाला नकार देणाऱ्या नीरेची ही गोष्ट. त्यात म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची आठवण करून द्यायला घरातलं जुनं घड्याळ पुरतं, त्यावर कोणी भाषण झोडत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. आपटे काही प्रभातच्या दारात नव्याने उभे राहिले नव्हते. त्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवर १९३४ सालीच 'अमृतमंथन' निघालेला होता.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर चित्रपट यायला तर चाळीस वर्षं गेली. कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. पटकथा माडगूळकरांनी स्वतः लिहिली. पण तोवर कितीतरी मराठी चित्रपटांच्या पटकथा त्यांच्या हातून उतरलेल्या होत्या. आणि हिंदीतल्या मन्नू भंडारी. 'स्वामी' या चित्रपटासाठी त्यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कथेची पटकथा केली. कलम दुसऱ्याच्या गोष्टीवर चालवून बघितलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पटकथा शिकायची असेल तर आपल्या कादंबरीपासून सुरुवात करू नका. आपल्या पुस्तकातलं प्रत्येक वाक्य आपण कधी, कुठे बसून लिहिलं हे आठवत असतं. ते कापताना हात थरथरतो. दुसऱ्याची एखादी कथा घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटून गेलेली असतील तर तिच्यावर परवानगीची अडचणही उरत नाही. कादंबरी नको, कथाच घ्या. 'अर्धसत्य' कथेवरचा आहे आणि 'श्वास'ही माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. कथेत घालायला जागा असते. कादंबरीत काढण्यातच जीव जातो.

कागदावरून पडद्यावर

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ढोबळ हिशेब. दोन तासांचा चित्रपट म्हणजे सव्वाशे पानांच्या आत. तीही भरगच्च नव्हेत, निम्मी कोरीच. प्रत्येक सीनच्या डोक्यावर तीन गोष्टी लागतात. आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. हे शोभेसाठी नसतं. निर्मिती सांभाळणारा माणूस त्या ओळीवरून किती दिवसांचं शूटिंग आणि किती लोकेशनं याचा खर्च मांडतो. कादंबरीत 'त्या पावसाळ्यात गावातले तीन पूल वाहून गेले' हे वाक्य फुकट पडतं. पटकथेत त्याच वाक्यापाशी निर्माता चष्मा काढून ठेवतो.

तंत्र कोणालाही शिकता येतं. अवघड आहे ती नजर. एक उदाहरण करून बघू. समजा, तुमच्या कादंबरीत असं वाक्य आहे: 'त्या रात्रीनंतर वहिनींचा धाकट्या दिरावरचा विश्वास कायमचा उडाला.' वाचकाला एवढं पुरतं. कॅमेऱ्यासमोर मात्र यातलं काहीच दिसत नाही. विश्वास कसा दाखवणार, आणि 'कायमचा' कसा दाखवणार? नवखा लेखक इथे वहिनींना शेजारणीपाशी बसवतो आणि सगळं तिच्या तोंडून वदवतो. तो सीन कुणी बघत नाही.

आता हे असं लिहून बघा. आत, स्वयंपाकघर, सकाळ. कपाटाची किल्ली आजवर ज्या खिळ्याला अडकवलेली असते, तिथून वहिनी ती काढतात आणि कमरेला खोचतात. चहा गाळत राहतात. दीर आत येतो, सवयीने हात खिळ्याकडे नेतो. खिळा रिकामा. तो वहिनींकडे बघतो. त्या कपबशी पुढे सरकवतात, "साखर कमी आहे आज." संपला सीन. अर्धं पान. पण हे चालायचं असेल तर ती किल्ली याआधी एकदा तरी खिळ्यावरून दिराने सहज काढलेली प्रेक्षकाने पाहिलेली हवी. ते आधीचं पेरणं म्हणजेच पटकथा. संवाद नंतर येतात.

प्रथमपुरुषी कादंबरीचं दुखणं याहून मोठं. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'ची सगळी गंमत मुकुंदाच्या बोलण्यात आहे. नववीतल्या त्या पोराला काय वाटतं ते तो वाचकाच्या कानात सांगत असतो. पडद्यावर कान नसतो. सुजय डहाके यांच्या चित्रपटाची पटकथा अविनाश देशपांडे यांनी केली आणि तिला साहित्यकृतीवर आधारित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कादंबरी आधी वाचा, मग चित्रपट बघा, मग पुन्हा कादंबरी उघडा आणि पेन्सिलीने खुणा करत जा. काय ठेवलं, काय टाकलं, काय जोडलं. एवढा अभ्यास मनापासून केलात तर दोन दिवसांच्या महागड्या कार्यशाळेची फी वाचेल.

स्वतःच्या पुस्तकावर बसायचंच असेल तर आधी कार्डं करा. प्रत्येक कार्डावर एकच घटना, एका ओळीत, आणि तीही क्रियापदासह. 'सुमनची घुसमट' हे कार्ड नव्हे. 'सुमन मंगळसूत्र गहाण ठेवते' हे कार्ड. साठ-सत्तर कार्डं झाली की जमिनीवर मांडा आणि एकेक उचलून बघा. जे उचललं तरी गोष्ट हलत नाही, ते परत ठेवू नका. भाषा कितीही सुंदर असो. मग त्या कार्डांवरून दीड-दोन पानांची वनलाइन, मग सीनवार सविस्तर ट्रीटमेंट, आणि त्यानंतरच सीन. आपल्याकडे पहिल्या दिवशीच संवाद लिहायला बसतात आणि तिसाव्या पानावर अडकतात.

कराराचा कागद

आता पहिल्या वाक्याकडे, "पैशांचं बघू नंतर."

सगळ्यात आधी कपाटातून प्रकाशकाबरोबरचा करार काढा. बऱ्याच जुन्या करारांत भाषांतर, रूपांतर, चित्रपट यांचे हक्क किंवा त्यातला वाटा प्रकाशकाकडे गेलेला असतो आणि लेखकाला त्याचा पत्ताच नसतो. जे आपल्याकडे नाही ते विकून बसलात तर दोन्हीकडून नोटीस. लेखक हयात नसेल तर हक्क वारसांकडे जातात. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले आणि त्यांच्या कादंबरीवरचा 'दुनियादारी' पडद्यावर आला २०१३ मध्ये. तेव्हा घर-जमिनीबरोबर पुस्तकांचाही उल्लेख मृत्युपत्रात करून ठेवा. हसण्यावारी नेऊ नका.

मग कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ लेखकाच्या बाजूने बरंच काही बोलतं. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच झालं पाहिजे. कोणती कृती, नेमके कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेणाऱ्याने एक वर्षाच्या आत ते वापरलेच नाहीत तर ते संपतात. पण 'करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर' ही पुस्ती त्याला आहे. निर्मात्याचा वकील तेवढ्याच पुस्तीवर बोट ठेवून 'हे उपकलम या करारास लागू नाही' असं एक वाक्य मध्येच टाकून देतो. करार इंग्रजीत, पंधरा-वीस पानी. ते वाक्य शोधून काढा. काढायला लावता आलं नाही, तर त्याच्या जागी स्पष्ट तारीख घाला. अमुक तारखेपर्यंत शूटिंग सुरू झालं नाही तर सगळे हक्क आपोआप लेखकाकडे परत.

खरं तर पहिल्या भेटीत हक्क विकूच नयेत, ऑप्शन द्यावं. म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन वर्ष-दीड वर्ष ती कादंबरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, एवढंच. त्या मुदतीत निर्मात्याने पैसा उभा केला तर पुढचा खरेदीचा करार, नाही तर राम राम. निर्माताही त्यात अडकून पडत नाही, त्यामुळे सरळ माणूस सहसा कुरकुर करत नाही. जो "ऑप्शन वगैरे कशाला, आपण घरचीच माणसं" म्हणतो, त्याच्यापासून जपून.

कोणते हक्क? 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी' हे वाक्य हल्ली सर्रास दिसतं. मराठी चित्रपटाचे हक्क द्यायचे असतील तर मराठी चित्रपटाचेच द्या. हिंदी किंवा इतर भाषांतला रिमेक, वेब सिरीज, मालिका, पुढचा भाग, नाटक, ऑडिओ यांची वेगळी नोंद करा आणि प्रत्येकाची वेगळी रक्कम किंवा टक्का ठरवा. पुस्तक छापण्याचा हक्क कधीही देऊ नका, चित्रपटाचं पोस्टर मुखपृष्ठावर छापायची परवानगी मात्र मागून घ्या. आवृत्ती त्यानेच खपते.

श्रेयनामावलीसाठी स्वतंत्र कलम हवं. 'अमुक यांच्या तमुक कादंबरीवर आधारित' हे वाक्य सुरुवातीच्या नामावलीत, पोस्टरवर, ट्रेलरमध्ये आणि ओटीटीच्या पानावर, असं जागांसकट लिहून घ्या. पटकथा तुम्ही करणार असाल तर किती ड्राफ्ट याच मानधनात, हे आकड्यात हवं. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. सहीच्या दिवशी, पहिल्या ड्राफ्टला, शूटिंगसाठी पक्क्या झालेल्या बाउंड स्क्रिप्टला आणि शूटिंगच्या पहिल्या दिवशी. 'प्रदर्शनानंतर' असा हप्ता कधीच मान्य करू नका. प्रदर्शित न झालेल्या मराठी चित्रपटांच्या डब्यांत अनेक लेखकांचे शेवटचे हप्ते पडून आहेत.

कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर मार्गांनी लेखकाच्या साहित्याचा वापर झाला, तर त्यातल्या रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असलं तरी. ती प्रत्यक्ष पदरात पाडून घेणं ही वेगळी लढाई आहे. पण निदान आपण होऊन तिच्यावर पाणी सोडू नका.

आणि विटंबना झाली तर? मन्नू भंडारींचंच उदाहरण पुन्हा. 'यही सच है' या त्यांच्या कथेवर बासू चटर्जींनी १९७४ मध्ये 'रजनीगंधा' केला आणि तो गाजला. 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या 'समय की धारा'ने मात्र त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात नेलं. पात्रं आणि शेवट बिघडवल्याची त्यांची तक्रार होती. १९८६ च्या त्या निकालात न्यायालयाने कलम ५७ चा आधार घेतला. हक्क विकले तरी कृतीचा विपर्यास रोखण्याचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो आणि करार त्याच्या अधीन राहूनच वाचायचा, असा त्याचा आशय. मात्र याचा अर्थ प्रत्येक बदलाविरुद्ध कोर्टात जाता येईल असा नाही. माध्यमासाठी करावे लागणारे बदल त्या निकालातही मान्यच आहेत. आर. के. नारायण यांना आपल्या कादंबरीवरचा 'गाइड' अजिबात रुचला नाही आणि त्यांनी ते लिहूनही टाकलं; लोकांना चित्रपट आवडायचा तो आवडलाच. मनासारखं न होण्याची तयारी हक्क देतानाच ठेवायला हवी.

कल्पना चोरीला जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. म्हणून हॉटेलात बसून रंगवून सांगितलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने हवेत विरते. आपल्या क्षेत्रात अजूनही सगळं नॅरेशनवर चालतं, तर नॅरेशन जरूर द्या. पण त्याआधी लिहिलेला मजकूर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सभासद झालात की ते ऑनलाइन होतं. भेटीनंतर त्याच दिवशी 'आज आपण अमुक गोष्टीवर बोललो' असा दोन ओळींचा मेल टाका.

हाच व्यवसाय करायचा असेल तर

नोकरी लगेच सोडू नका. वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी १९३६ सालचा 'छाया' लिहिला तेव्हा ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. दोनच वर्षांनी आलेला 'ज्वाला' आपटला; तरीही ते लिहीत राहिले. पहिला चित्रपट पडला तर दुसरा मिळायला वेळ लागतो आणि त्या काळात घरभाडं थांबत नाही.

शिरकाव बहुतेक वेळा संवादांमधून होतो. ज्याला एखादी बोली अंगभूत येते, वऱ्हाडी असो, अहिराणी, मालवणी की कोल्हापुरी, त्याची गरज पडतेच. शंकर पाटलांनी 'पिंजरा'चे संवाद लिहिले ते याच बळावर. मालिकांत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद यांची माणसं वेगळी असतात, त्यामुळे नवख्याला संवादाचं काम त्यातल्या त्यात लवकर मिळतं. पैसे वेळेवर येतात, हात झरझर चालायला लागतो, आणि नटाच्या तोंडात कोणतं वाक्य बसत नाही हे आठवड्याभरात कळतं. पण मालिका माणसाला गिळते. दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलात तर पुढच्या कादंबरीचं नाव काढू नका.

शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. एनएफडीसीची पटकथाकारांसाठीची लॅब आहे आणि नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फीच्या जोडीने भरणाऱ्या फिल्म बाजारात निर्माते एका छताखाली भेटतात. पुस्तकं आणि निर्माते यांची गाठ घालून देण्यासाठी मुंबईच्या मामी महोत्सवाने २०१६ मध्ये 'वर्ड टू स्क्रीन' हा उपक्रम सुरू केला. अशा ठिकाणी चारशे पानांची कादंबरी कुणाच्या हातात कोंबू नका. एक पान न्या. गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आडवं काय येतं आणि आजच्या प्रेक्षकाने ती का बघावी. पुरस्कारांची यादी त्या पानावर नको, मागच्या पानावर चालेल.

आणि ज्या करारात तुमच्या नावाची जागा, पैशांचे टप्पे आणि हक्क परत येण्याची तारीख या तीन गोष्टी लिहिलेल्या नाहीत, त्यावर सही करू नका, समोरचा दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी.